शब्दांच्या शेपटीवरून नाती शोधायचा उद्योग : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

सुरुवात करतोय. कारण अगदी साधं आहे. मित्राचं तालुक्याच्या गावी खता-बियाण्यांचं दुकान आहे, त्याने मालाची यादी मोबाईलवर टाकली आणि मी त्याला सर्च करून दिला. आता गिऱ्हाईक "कीड" टाईप करतं आणि समोर येतं कीडनाशक, त्याच्याच खाली कीडप्रतिकारक वाण. एक फवारायचं, दुसरं पेरायचं. ज्याच्या कपाशीवर आज मावा पडलाय त्याला बियाण्याची पिशवी दाखवून काय उपयोग? पण सर्चला काय त्याचं, दोन्हीत "कीड" आहे म्हणजे दोन्ही सारखेच.

मित्र म्हणाला प्रत्येक मालाला टॅग लाव. कंटाळा आला. आणि मग डोक्यात आलं की टॅग तर शब्दावरच चिकटवलेला आहे की. नाशक म्हणजे मारणारं, प्रतिकारक म्हणजे दाद न देणारं. कीटक हा एकच शब्द घ्या, कीटकनाशक, कीटकभक्षी, कीटकजन्य, कीटकशास्त्र, मूळ तेच, शेपूट बदललं की नातं बदललं. तर हे नातं आपण हाताने भरायचं नाही, शब्दांच्या ढिगातून प्रोग्रामने स्वतः हुडकायचं, असं ठरवलंय. बघू किती दिवस उत्साह टिकतो.

१० जून

दुकानाची यादी पुरत नाही म्हणून मराठी विकिपीडियाचा सगळा मजकूर उतरवून घेतला, शब्द सुटे केले, पाचपेक्षा कमी वेळा आलेले फेकून दिले. पद्धत बाळबोध आहे. दोन शब्द सुरुवातीला सारखे आणि शेवटी वेगळे असतील तर त्या दोन शेवटांची जोडी लिहून ठेवायची, आणि तीच जोडी किती वेगवेगळ्या मुळांवर भेटते ते मोजायचं. जास्त भेटली की तो नियम.

रात्री साडेअकराला निकाल. घर-घरात, घर-घराला, घर-घराचा, घर-घरासाठी, घर-घरामुळे. पहिली चार पानं नुसती विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं. नाशक कुठे गेलं ते शोधायलाही स्क्रोल करून बोट दुखलं. इंग्रजीवर हे करणाऱ्यांना एस आणि आयएनजी बाजूला काढले की जवळजवळ मोकळं रान, इथे एका नामाला पन्नास कपडे चढवलेले.

१५ जून

विभक्ती सोलायचा स्क्रिप्ट लिहिला. सोलणं म्हणजे नुसतं "ला" कापणं नाही, कारण मागे सामान्यरूप उरतं, घोड्याला मधलं "ला" गेलं की घोड्या राहतो, त्याचा घोडा करावा लागतो. फूल-फुला, मीठ-मिठा यांत मधला दीर्घ ऱ्हस्व होतो. आणि फारसी शेपटं लागताना वेगळंच, शेवटच्या आ चा ए होतो: धोका-धोकेबाज, नफा-नफेखोर, गुन्हा-गुन्हेगार, किल्ला-किल्लेदार, मसाला-मसालेदार. हा नियम मला शाळेत कोणी सांगितल्याचं आठवत नाही पण इतका पक्का आहे की मजा वाटली. अपवाद लगेच सापडला, कारखाना-कारखानदार. असू दे.

सोललेली सगळी सालं, म्हणजे कुठल्या शब्दाला कुठली विभक्ती लागली होती ती माहिती, डिलीट मारली. जागा अडवत होती.

२२ जून

पहिली खरी यादी हातात. नाशक, मापक, शास्त्र, रोधक ही मंडळी एकदम सरळ. तण-तणनाशक, बुरशी-बुरशीनाशक, जंतू-जंतुनाशक. ताप-तापमापक, पर्जन्य-पर्जन्यमापक, भूकंप-भूकंपमापक. हे शब्द बरेचसे ठरवून, टेबलाशी बसून घडवलेले आहेत ना, १९६० साली भाषा संचालनालय निघालं तेव्हापासून परिभाषा कोशांत असं चाललंच आहे, त्यामुळे शिवण सरळ आहे आणि उसवायलाही सोपी.

पण शेजारीच ही रत्नं:

सौजन्य : "सौ" पासून होणारा आजार. जलजन्य, कीटकजन्य यांच्या रांगेत बसवलाय.
तणाव : तण या शब्दापासून.
रत्नागिरी : रत्न + गिरी, म्हणजे दादागिरी, हेरगिरी, गुलामगिरी यांच्यासारखी एक वृत्ती किंवा धंदा.

आत्या सध्या आमच्याकडे आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वाचायला बंदी, दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब. जन्मभर रत्नागिरीला मराठी शिकवलं तिने. तिला कंटाळा आला होता म्हणून यादी मोठ्याने वाचून दाखवली. रत्नागिरीपाशी आल्यावर म्हणाली, "मेल्या, माझ्या गावाला धंदा म्हणतोस?" आणि मग पुढे, "पण हसू नकोस, गुलामगिरीतली गिरी फारसीतून आलीय, रत्नागिरीतला गिरी म्हणजे संस्कृतातला डोंगर. दोघं वेगळ्या दारांनी घरात आले आणि इथे एकसारखे दिसायला लागले. तुझ्या मशीनचा काय दोष."

सणसणीत मुद्दा आहे. शेपटीचं रूप एक म्हणून शेपूट एक, हे मी न विचारता गृहीत धरलं होतं.

३० जून

आत्याला आता रोज संध्याकाळी एक पान वाचून दाखवतो. आज "दार" आणि "दाणी".

दार म्हणजे बाळगणारा. दुकानदार, कर्जदार, जमीनदार, वस्तूंनाही लागतं, धारदार, टोकदार, दाणेदार. जबाबदार म्हणजे जबाब देणं ज्याच्याकडे आहे तो, हेही बसतं. केदार आणि मंदार या माझ्या दोन मित्रांना प्रोग्रामने अनुक्रमे "के" आणि "मन" चे मालक करून टाकलंय, ते सोडून देऊ. अडलो ते आमदार-खासदारांपाशी. आम आणि खास हे दोन्ही शब्द यादीत स्वतंत्र आहेत, दार पण आहे, तोडणी अगदी बरोबर आणि अर्थ शून्य. आम बाळगणारा? आत्या म्हणे दिवाण-इ-आम, दिवाण-इ-खास आठव, दोन सभागृहांचं ते. ठीक, पण हे शब्दाच्या आत लिहिलेलं नाही, ते बाहेरून माहीत असावं लागतं. नादारची तर उलटीच तऱ्हा, ना + दार, म्हणजे काहीच न बाळगणारा, इथे मूळच नाही, शेंडी आणि शेपूट एकमेकांना चिकटून शब्द झालाय.

दाणी. फुलदाणी, अत्तरदाणी, साबणदाणी. क्ष-दाणी म्हणजे ज्यात क्ष ठेवतात ते भांडं. मस्त, स्वच्छ. मग मच्छरदाणी आली आणि आम्ही दोघंही गप्प. आत माणूस, बाहेर मच्छर. आत्या थोड्या वेळाने म्हणाली, "सकाळी उठल्यावर आत दोन असतातच पण." 

हाताने भरायच्या फाईलमध्ये पहिली नोंद : मच्छरदाणी.

दान मात्र सुटलं. रक्तदान, नेत्रदान, श्रमदान एकीकडे आणि पानदान, कलमदान दुसरीकडे. पुढचा शब्द बघितला की झालं, रक्तदान "केलं" जातं, पानदान कोणी करत नाही, उघडतात.

६ जुलै

शेपटीचं रूप फसवतं तर अर्थाचा दुसरा पुरावा पाहिजे, म्हणून शब्दांचे व्हेक्टर आणले, म्हणजे शब्द कुठल्या शब्दांच्या संगतीत येतो त्यावरून त्याला दिलेले आकडे. फेसबुकवाल्यांनी फास्टटेक्स्ट या त्यांच्या प्रोग्रामने काढलेले १५७ भाषांचे तयार व्हेक्टर फुकट ठेवलेत, त्यात मराठी आहे, प्रत्येक शब्दाला ३०० आकडे. कल्पना अशी की नफा ते नफेखोर हे अंतर आणि लाच ते लाचखोर हे अंतर एकाच दिशेचं असेल तर नातं एक. दादागिरी आणि रत्नागिरीची दिशा वेगळी निघायला हवी.

निघाली नाही!! दोघं एकमेकांच्या चांगलेच जवळ. तासभर माझ्याच कोडवर संशय घेतला, मग ट्यूब पेटली. फास्टटेक्स्ट शब्दाचा व्हेक्टर बनवताना शब्दाचे तुकडेही जमेला धरतं, या तयार व्हेक्टरांत पाच-पाच खुणांचे, मात्रा पण एक खूण मोजून. दादागिरी आणि रत्नागिरीचा शेवटचा पाच खुणांचा तुकडा हुबेहूब एक, "आगिरी". म्हणजे मी रूपावर विश्वास नाही म्हणून ज्याला साक्षीला बोलावलं तो साक्षीदार रूप बघूनच साक्ष देतोय. चोराच्या वाटा चोराला विचारल्या.

तुकडे न बघणारं जुनं वर्डटूवेक माझ्याच मजकुरावर चालवायला लावलंय, लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतोय.

७ जुलै

वर्डटूवेकने रत्नागिरीला सिंधुदुर्ग आणि रायगडजवळ बसवलं. बरं वाटलं. पण कमी वेळा आलेल्या शब्दांचं काही खरं नाही, लाचखोर, चहाडखोर असले शब्द विकिपीडियावर येतात तरी किती. जिथे नातं मजेचं तिथे नेमका डेटा नाही.

१७ जुलै

आषाढी. टीव्हीवर सकाळपासून पंढरपूर. मी "करी" उघडून बसलो. वारकरी, शेतकरी, गावकरी, मानकरी, टाळकरी, विणेकरी. वारकरी वारी करतो, गावकरी गाव करत नाही, तो तिथे राहतो, मानकऱ्याला मान असतो, टाळकरी टाळ वाजवतो. एक शेपूट आणि चार वेगळी क्रियापदं. चारही मुळांत दडलेली. माझ्या प्रोग्रामला फारतर एवढंच म्हणता येईल की "क्ष शी रोजचा संबंध असलेला माणूस". तेवढंही चालेल.

पण त्याच यादीत भाकरी, बकरी, नोकरी, चाकरी. "भाकरी : भा शी रोजचा संबंध असलेला माणूस". 

आत्या टीव्ही बघता बघताच म्हणाली, "अरे, त्याला हाक मारून बघ ना." म्हटलं काय? "वारकऱ्यांनो म्हणतोस की नाही? शेतकऱ्यांनो, गावकऱ्यांनो. भाकऱ्यांनो म्हणशील का?"

मी उठून उभाच राहिलो. संबोधनाचं अनेकवचन, नो! ते फक्त ज्याला हाक मारता येते त्यालाच लागतं. आणि ही सगळी माहिती मी १५ जूनला सालं म्हणून कचऱ्यात टाकली होती.

२० जुलै

सालं परत गोळा केली. आता प्रत्येक शब्दाबरोबर त्याला कुठली कुठली विभक्ती लागलेली दिसली त्याची नोंद ठेवतोय. विकिपीडियावर कोणी कोणाला हाका मारत नाही, त्यामुळे "नो" फारसा नव्हताच, बातम्यांचे मथळे उतरवले तेव्हा भरपूर मिळाला, पुणेकरांनो पाणी जपून वापरा छापाचे. 

"कर" वर लावून बघितलं, आणि कर म्हणजे एक नंबरचं त्रासदायक प्रकरण होतं:

पुणेकर, मुंबईकर, सातारकर, गोवेकर : मुळाला "हून" किंवा "येथे" लागतं (पुण्याहून, गोव्याहून), आणि अख्ख्या शब्दाला "नो". दोन्ही असलं की मूळ हे ठिकाण आणि शब्द म्हणजे तिथला माणूस.
आयकर, विक्रीकर : हून नाही, नो नाही, पण विभक्ती लागते, आयकरात, आयकराची. ही वस्तू, इथे कर म्हणजे टॅक्स.
हितकर, सुखकर : विभक्तीच नाही. विशेषण.

तीन ढीग, सगळे आपोआप पडले, व्हेक्टर न लावता. हाताने तपासलेल्या ६० शब्दांत ७ चुकले, आधी निम्म्याच्या आसपास चुकायचे. लवकर अर्थातच हितकरच्या ढिगात, "लव घडवून आणणारं". त्याला हाताच्या फाईलमध्ये टाकलं, मच्छरदाणीच्या सोबतीला.

कविता हा एक घोळ आहे. कवी लोक फुलांनो, ढगांनो, झाडांनो काहीही म्हणतात. कवितासंग्रह मजकुरातून काढून टाकले. आत्याला हे सांगितलं नाहीये.

२१ जुलै

अख्खा रविवार एका न दिसणाऱ्या खुणेपायी गेला. शेतकरी माणूस निघेना! वारकरी निघतो, गावकरी निघतो, आणि शेतकरी, ज्याला मथळ्यांत सगळ्यात जास्त हाका मारतात तो, भाकरीच्या ढिगात. 

ऱ्य हे अक्षर दोन तऱ्हांनी टाईप होतं. एक, ऱ ही वेगळी खूण, युनिकोडमध्ये ०९३१, आणि तिला हलंत. दुसरं, साधा र, हलंत, आणि मध्ये एक अदृश्य जोडणारी खूण. डोळ्यांना दोन्ही शेतकऱ्यांनो. माझ्या साफसफाईच्या स्क्रिप्टने अदृश्य खुणा म्हणजे घाण समजून सगळ्या उडवल्या, त्यामुळे दुसऱ्या तऱ्हेचे सगळे शब्द "शेतकर्यांनो" झाले, रफार डोक्यावर, आचार्यांनो सारखे. सोलायच्या स्क्रिप्टला ऱ्या चा री करायचं माहीत होतं, र्या चं काही माहीत नव्हतं. झारीतले शुक्राचार्य म्हणतात ते हेच. दुरुस्ती एका ओळीची: उडवायच्या आधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलायची. ॲ चंही असंच आहे, ते एक खूण म्हणून पण येतं आणि अ वर चंद्र देऊन पण, तेही उरकून घेतलं.

४ ऑगस्ट

ऑफिसात रिलीज. काही झालं नाही. आत्याला वाचायला परवानगी मिळाली, पहिलं काय केलं तर माझ्याकडून प्रिंटआऊट मागून घेतल्या आणि लाल पेन.

११ ऑगस्ट

नकाराचे उपसर्ग. वाटलं सोपं असेल, अ, बे, गैर, ना, बिन, पुढे लागले की उलट अर्थ. बेसन, बेडूक, नाटक, नारळ हे नेहमीचे पाहुणे काढले तरी लाल पेनाने पान भरून आलं.

गैरहजर म्हणजे हजर नाही, हा नकार. गैरसमज म्हणजे समज नाही असं नाही, समज आहे पण चुकीचा. गैरवापर तसंच, वापर तर दणकून चालू आहे. म्हणजे गैर ची दोन नाती, "नसणे" आणि "वाईट तऱ्हेने असणे". वेगळं करायला सध्या तरी एकच युक्ती सापडलीय, मूळ विशेषण असेल तर नसणे, नाम असेल तर बहुधा वाईट असणे. गैरसोय म्हणजे सोय नसणे, नाम असून तिथे गंडतं.

अमूल्य वर तिने नुसतं उद्गारचिन्ह काढलंय. मूल्य नाही असं नाही, मोजता येत नाही इतकं आहे.

आणि अपरोक्ष. प्रोग्रामचं म्हणणं, परोक्षच्या उलट. व्युत्पत्तीने शंभर टक्के बरोबर, परोक्ष म्हणजे डोळ्याआड, अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष. पण मराठीत अर्धी दुनिया "माझ्या अपरोक्ष त्याने असं केलं" म्हणते आणि तिला म्हणायचं असतं माझ्या पाठीमागे. मजकुरात शोधलं तर बहुतेक वाक्यांत हाच अर्थ. मग खरं कोणाचं मानायचं? आत्या म्हणाली, "चूक ती चूक, किती जण करतात याने काय होतं." मी म्हटलं सर्च वापरणारा पण त्यातलाच एक असणार. वाद मिटला नाही. तिने पानावर फुली मारली, मी फाईलमध्ये "समानार्थी : परोक्ष" लिहिलं. तिच्या अपरोक्ष.

२ सप्टेंबर

पोळा. आणि योगायोग बघा, आज नेमके आ-ई चे शब्द काढले होते, त्यात पहिल्या पानावर पोळा-पोळी. 

मराठीतला हा सगळ्यात गर्दीचा नियम असेल, शेवटचा आ काढून ई लावायचा. शेकड्यांनी जोड्या आहेत आणि नातं म्हणाल तर एक धड नाही. घोडा-घोडी, कोंबडा-कोंबडी, मुलगा-मुलगी हे नर-मादी. मामा-मामी नवरा-बायको. मेहुणा-मेहुणी दिसायला तसंच पण मेहुण्याची बायको मेहुणी नसते, ती भाऊ-बहिणीची जोडी. मावसा-मावशीत तर उलटं, इथे मूळ नातं बाईचं आणि पुरुष तिच्यामुळे आलाय. डबा-डबी, लोटा-लोटी, हंडा-हंडी, खुंटा-खुंटी, सुरा-सुरी हे मोठं-लहान. गोळा-गोळी पण. मग दोरा-दोरी, इथे ई-वाली जाड! दोऱ्याने बटण लावतात, दोरीवर कपडे वाळत घालतात. (दोरी ही खरी दोराची लहान बहीण, दोरा वेगळ्याच घरचा, असं आत्याचं मत.) 

पुढचा ढीग स्वयंपाकघरातला. विळा-विळी, पाटा-पाटी, वडा-वडी, झारा-झारी. विळ्याने गवत कापतात, विळीवर भाजी चिरतात, लहान-मोठं म्हणून भागत नाही, बसून कापायचं आणि वाकून कापायचं असा फरक आहे. मी झारा-झारीला "मोठं-लहान" असा शेरा मारला होता, त्यावर आत्या उठली, आत गेली, भजी तळायचा झारा घेऊन आली आणि माझ्या कीबोर्डवर धरला. तेलाचा एक थेंब स्पेसबारवर. "हा झारा. याला भोकं. झारी म्हणजे तोटीचं भांडं, पाणी घालायचं. यातली लहान कुठली?" मग स्वतःच म्हणाली, "झरतं मात्र दोन्हींतून." म्हणजे दोघांचा संबंध एकमेकांशी नाही, तिसऱ्या शब्दाशी आहे. माझ्या नकाशात जोडीजोडीनेच रेघा आहेत, असं त्रिकोणी काही मांडायची सोयच ठेवली नव्हती मी. ठेवायला हवी.

उरले नुसते योगायोग. पोळा-पोळी, वारा-वारी, वाटा-वाटी, माळा-माळी. आणि राजा-राजी! सगळ्या जगात व्हेक्टरवाले राजा-राणीचं उदाहरण देतात, माझ्या नियमाला राणी सापडतच नाही कारण ज चा ण होतो, आणि राजाच्या शेजारी "मी राजी आहे" मधला राजी आणून बसवलाय.

वेगळं कसं करायचं? "नो" ने माणसं सुटतात, मामांनो मामींनो पेक्षा मुलांनो मुलींनोच जास्त मिळतात पण चालतंय. नवरा-बायको आणि भाऊ-बहीण शब्दाच्या रूपावरून सुटणार नाहीत, सोडून दिलं. मोठं-लहान साठी मागचं विशेषण बघितलं, ई-वाल्याच्या मागे "छोटी, लहानशी, इवलीशी" जास्त येतं का ते. डबी, लोटी, सुरी यांना येतं, दोरीला येत नाही, वारीला तर नाहीच. तरी पानाचं पान लाल आहे. या नियमावर प्रोग्रामने एवढंच सांगायचं की "काहीतरी असेल, माणसाला विचारा". मला ते पटलंय आता, निदान आज पुरणपोळी खाऊन तरी पटलंय.

१४ सप्टेंबर

सौजन्यचा उलगडा झाला. सुजन + य, आणि य लागताना पहिला स्वर फुगतो, सु चा सौ. आत्याने फळ्यावर लिहावं तसं वहीत लिहून दिलं: शूर-शौर्य, धीर-धैर्य, सुंदर-सौंदर्य, मधुर-माधुर्य, उदार-औदार्य, एक-ऐक्य. मी शेवटच बघत बसलो होतो आणि इथे बदल तोंडाशी होता.

मग तिने पाणिनी काढला. त्याचे तद्धित प्रत्यय, म्हणजे नामांना लागून नवे शब्द करणारे, हा माझाच उद्योग उलट्या बाजूने, तो नात्यापासून सुरू करतो. "तस्यापत्यम्" म्हणजे त्याचं अपत्य, वसुदेवाचा वासुदेव, पांडूचे पांडव. "तेन रक्तं रागात्" म्हणजे त्या रंगाने रंगवलेलं, कषायाचं काषाय. "तदधीते तद्वेद" म्हणजे ते शिकणारा किंवा जाणणारा, व्याकरणाचा वैयाकरण. आधी नातं, मग त्याला कुठला प्रत्यय. मी प्रत्यय हातात घेऊन नातं शोधत फिरतोय. वसुदेव-वासुदेव मध्ये तर शेवटी काही दिसतच नाही, माझ्या प्रोग्रामला हे बाप-लेक जन्मात कळले नसते.

नियम कोडमध्ये घातला, पहिला स्वर फुगव आणि शेवटी य. दहा मिनिटांत स्थिर-स्थैर्य, विचित्र-वैचित्र्य, कुमार-कौमार्य सगळे आले. आणि कार्य. "कर या गोष्टीचा गुण". कर म्हणजे टॅक्स, २० जुलैलाच ठरलंय ना.

२२ सप्टेंबर

आत्या परत रत्नागिरीला. जाताना लाल पेनातले कागद व्यवस्थित टाचून ठेवून गेली, वर लिहिलंय "पुन्हा तपासून आणणे".

५ ऑक्टोबर

परवा मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ऑफिसच्या ग्रुपवर अजून शुभेच्छा चालू आहेत, त्यातल्या निम्म्या रोमन लिपीत. आपण आपलं काम करू.

दुकानाच्या सर्चमध्ये नाशक, प्रतिकारक, रोधक, वर्धक एवढीच चार शेपटं घातली, घरगुती शब्दांचं काही घातलं नाही. आता "कीड" टाकलं की आधी फवारायची औषधं, मग वेगळ्या मथळ्याखाली वाण. "तण" टाकलं की तणनाशकं, "मुळं" टाकलं की वर्धकं. मित्र खूश. चार महिन्यांच्या खटाटोपातून चार शेपटं, पण तिथे तेवढीच लागत होती.

१२ ऑक्टोबर

दसरा. मित्राचा फोन, शुभेच्छा देऊन झाल्यावर म्हणाला एक गिऱ्हाईक "उंदीर" टाकतंय आणि काहीच येत नाहीये, माल तर आहे. यादी बघितली. माल "मूषकनाशक" नावाने चढवलाय, कंपनीच्या पुड्यावर तसंच छापलंय. शेपूट बरोबर ओळखलंय, नातं बरोबर लावलंय, मूषकला मारणारं. पण मूषक म्हणजे उंदीर हे रूपावरून कुठून कळणार, एकही अक्षर सारखं नाही.

आत्याला सांगितलं. म्हणाली गणपती होऊन महिना झाला नाही तोवर मूषक विसरलास?

हाताच्या फाईलमध्ये : मच्छरदाणी, आमदार, खासदार, लवकर, अपरोक्ष (वादग्रस्त), मूषक = उंदीर. संध्याकाळी मित्राकडे फाईल पाठवली, चालू झालंय.